किल्ला आणि बंदर : हिरादोविषयी एक वाद

जपानच्या क्यूशू बेटाच्या वायव्य टोकाशी हिरादो नावाचं बेट आहे आणि त्यावर त्याच नावाचं एक लहानसं बंदर. मधली सामुद्रधुनी इतकी अरुंद की पलीकडचा माणूस दिसावा, पण पाण्याला ओढ जबरदस्त. १९७७ मध्ये तांबडा झुलता पूल झाला तोवर होडीला पर्याय नव्हता. बंदराच्या एका अंगाला टेकडीवर किल्ला, धक्क्यालगत डच वखारीची पांढरी इमारत, आणि वरच्या गल्लीत बौद्ध देवळांच्या कौलांमागून डोकावणारा चर्चचा मनोरा. तिन्ही एका दृष्टिक्षेपात येतात आणि त्यावरून गावाच्या इतिहासाची एक गोड गोष्ट सांगितली जाते. ती गोष्ट खरी मानणारा एक शंकाकार आणि ती मान्य नसलेला लेखक यांच्यातला हा वाद. शंकाकार कल्पित आहे. त्याचं म्हणणं मात्र हिरादोच्या वाटेला गेलेल्या कितीतरी लोकांचं आहे.

शंकाकार : गोष्ट सरळ आहे, ती उगाच वाकडी करू नका. १५५० मध्ये हिरादोला पहिलं पोर्तुगीज जहाज लागलं. त्याच वर्षी फ्रान्सिस झेवियर तिथे पोचला. गोव्याहून निघताना त्यानं आंजिरो नावाच्या जपानी माणसाला सोबत घेतलं होतं. त्याचा बाप्तिस्मा गोव्यातच झालेला. हिरादोत अवघ्या काही आठवड्यांत शंभरेक माणसं झेवियरच्या पंथाला लागली. १६०९ मध्ये डच आले, १६१३ मध्ये इंग्रज आले, चिनी व्यापारी तर आधीपासूनच होते. सगळ्यांना जागा देणारं, सगळ्यांची भाषा ऐकणारं असं ते गाव होतं. मग तोकुगावा शोगुननी देशाची दारं लावून घेतली, १६४१ मध्ये डचांना नागासाकीला हलवलं आणि हिरादो मेलं. मोकळेपणानं वाढवलं, कोतेपणानं मारलं. यात वाद घालण्यासारखं काय आहे?

लेखक : तुमच्या गोष्टीतल्या तारखा बरोबर आहेत, त्यांना जोडणारा धागा चुकीचा आहे. तो किल्ला आणि ती वखार शेजारी शेजारी दिसतात ना, तिथूनच सुरुवात करू. हिरादोचे मालक मात्सुरा घराण्याचे. त्यांनी १५९९ मध्ये इथे किल्ला बांधायला घेतला आणि १६१३ मध्ये स्वतःच्या हातानं जाळून टाकला. नव्या तोकुगावा सत्तेला आपला संशय येऊ नये म्हणून, असं बहुतेक इतिहासकार मानतात, कारण मात्सुरांची ऊठबस आधीच्या तोयोतोमी राजवटीशी होती. पुढे जवळपास शतकभर हे सरदार साध्या हवेलीत राहिले. दुसरा किल्ला १७०४ मध्ये सुरू होऊन १७१८ मध्ये पुरा झाला. आता व्यापाराची वर्षं त्यावर ठेवून बघा. डच वखार १६०९ ते १६४१, इंग्रज वखार १६१३ ते १६२३. म्हणजे वखार आणि किल्ला एकत्र नांदले ते जेमतेम चार वर्षं. बंदर भरात होतं तेव्हा टेकडीवर राख होती, आणि किल्ला उभा राहिला तेव्हा बंदरात परदेशी शीड उरलं नव्हतं. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. हिरादोची भरभराट जपानमध्ये वरचढ सत्ता नसल्याच्या किंवा ती अजून पक्की न झाल्याच्या काळातली आहे. हे गाव उघडं होतं यापेक्षा ते कुणाच्या पुरतं मुठीत नव्हतं, हे त्याच्या वैभवाचं कारण. मात्सुरांकडे भाताची जमीन थोडी. शांततेच्या काळातही त्यांची दौलत सुमारे ६३ हजार कोकू (हे भाताचं माप) उत्पन्नाची, म्हणजे जपानी सरदारांत मध्यमच. पूर्वज दर्यावर्दी, अर्धे लढवय्ये आणि अर्धे चाचे. शेतातून जे येत नाही ते समुद्रातून आणायचं, हा त्यांचा पिढीजात धंदा. पोर्तुगीज यायच्या आधी वांग झी हा चिनी चाचा-व्यापारी हिरादोत हवेली थाटून बसला होता आणि तिथून चीनच्या किनाऱ्यावर त्याच्या टोळ्या जात. मात्सुरा ताकानोबूनं झेवियरला ज्या हातानं नमस्कार केला तो हात आधी वांग झीच्या हातात होता.

शंकाकार : धंदा म्हणा हवं तर. पण धंद्यासाठी का होईना, त्यानं परक्या धर्माला जागा दिली. त्याच्या पदरचा कोतेदा नावाचा सरदार १५५३ मध्ये ख्रिस्ती झाला, इकित्सुकी बेटावरची त्याची रयत ख्रिस्ती झाली, आणि ताकानोबूनं ते चालू दिलं. सोळाव्या शतकात युरोपात काय चाललं होतं? त्या मानानं ही सहिष्णुता नव्हे?

लेखक : चालू दिलं, पण किती दिवस आणि कशाच्या बदल्यात, ते बघायला हवं. १५५८ मध्ये व्हिलेला नावाच्या पाद्र्याच्या पुढाकारानं इकित्सुकीत बुद्धमूर्ती जाळल्या गेल्या. गावात बोभाटा झाला आणि ताकानोबूनं त्याला बेटावरून घालवून दिलं. इथे दोन्ही बाजूंनी सहिष्णुता शोधणं अवघड आहे. १५६१ मध्ये मियानोमाए इथे, म्हणजे एका देवस्थानासमोर, कापडाच्या सौद्यावरून बाचाबाची झाली, तलवारी निघाल्या आणि पोर्तुगीज कप्तानासह डझनाहून अधिक माणसं मारली गेली. ताकानोबूनं गुन्हेगारांना शासन केलं नाही, तेव्हा पोर्तुगीजांनी बंदर सोडलं आणि पुढल्या वर्षी शेजारच्या ओमुरा सरदाराच्या योकोसेउराला गेले. तिथून फुकुदा, आणि १५७१ मध्ये नागासाकी. गिऱ्हाईक शेजाऱ्याच्या दुकानात गेलेलं पाहून ताकानोबूनं १५६५ मध्ये फुकुदाच्या खाडीत पोर्तुगीज जहाजावर आपलं आरमार घातलं आणि मार खाऊन परतला. हे सगळं लक्षात घेतलं म्हणजे त्याचं ख्रिस्ती लोकांशी वागणं कळतं. पाद्री आले की जहाजं येतात एवढाच त्याचा हिशेब होता. तो स्वतः कधी ख्रिस्ती झाला नाही. जहाजं येईनाशी झाली तशी पाद्र्यांची किंमत उतरत गेली आणि १५९९ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर मुलानं कोतेदांवर बौद्ध विधींची सक्ती केली. कोतेदा शेकडो माणसं घेऊन रातोरात नागासाकीला पळाले. तोकुगावा शोगुन अजून गादीवरही बसायचा होता. हिरादोतल्या ख्रिस्ती लोकांवरचा पहिला मोठा घाव शोगुनच्या राजधानीतून, एदोहून, आला नव्हता, गावातूनच आला होता.

शंकाकार : बरं, पोर्तुगीज गेले. पण डचांना तर कुणी इथे आणून बांधलं नव्हतं! पहिला तोकुगावा शोगुन इएयासू यानं त्यांना दिलेला परवाना जपानच्या कुठल्याही बंदरात उतरण्याचा होता. इंग्रजांना इएयासूच्या पदरी असलेल्या विल्यम अॅडम्स या इंग्रजानं सांगितलं होतं की एदोजवळच्या उरागाला वखार घाला, राजधानी जवळ पडेल. तरी दोघांनी हिरादो निवडलं. माणसं उगाच एखादं गाव निवडत नाहीत. काहीतरी मोकळीक दिसली असेल.

लेखक : मोकळीक दिसली, यात शंका नाही. कशाची, ते महत्त्वाचं. मात्सुरांनी जाळं फार आधी टाकलं होतं. १६०० मध्ये जपानला लागलेल्या डच जहाजाच्या कप्तानाला त्यांनी १६०५ मध्ये स्वतःच्या जहाजातून मलाय द्वीपकल्पातल्या पातानीला पोचवलं होतं. शिवाय नागासाकीत पोर्तुगीज बसलेले, तेव्हा त्यांच्या वैऱ्याला हिरादो सोयीचं. आणि डच नुसते विकायला आले नव्हते. हीच कंपनी त्याच शतकात वेंगुर्ल्याला वखार घालून गोव्याची नाकेबंदी करत होती, तेव्हा तिची रीत मराठी वाचकाला नवी नाही. हिरादो हे पोर्तुगीज आणि स्पॅनिश जहाजं लुटायला निघण्याचं ठाणं झालं. लुटीचा माल इथे उतरे. दारूगोळा, हत्यारं आणि लढायला जपानी माणसं इथून भरली जात. १६२० च्या सुमारास इंग्रज आणि डच या कामासाठी एक संयुक्त आरमारही चालवत होते. १६२१ मध्ये शोगुननी हत्यारांची आणि भाडोत्री शिपायांची निर्यात बंद केली, ती हेच थांबवायला. इंग्रजांची कथा तर आणखी बोलकी आहे. त्यांनी आणलेल्या जाड लोकरी कापडाला इथे उठाव नव्हता. जपान्यांना हवं होतं चिनी रेशीम, बदल्यात द्यायला त्यांच्याकडे चांदी मुबलक. रेशमासाठी चीनचं दार उघडायला हवं. वखारीचा प्रमुख रिचर्ड कॉक्स हिरादोतल्या ली दान या चिनी पुढाऱ्याच्या नादी लागला. ली दान दरसाल सांगे, दरबारात बोलणी चालू आहेत, अजून थोडे पैसे लागतील. कॉक्स देत गेला. दार काही उघडलं नाही, आणि १६२३ मध्ये तोट्यानं वाकलेली वखार बंद झाली. ती शोगुननी बंद केली नव्हती. मोकळ्या बंदरात मोकळेपणानं फसवलंही जातं! कॉक्सनं मागे ठेवलेल्या गोष्टींत टिकाऊ म्हणजे रोजनिशी, आणि १६१५ मध्ये ओकिनावाकडून आलेली रताळी लावलेली बाग.

शंकाकार : ठीक, इंग्रज स्वतःच्या मूर्खपणानं गेले. पण १६४० चं काय? डचांनी १६३९ मध्ये नवी दगडी वखार बांधली, जपाननं तोवर न पाहिलेली. तिच्या दर्शनी त्रिकोणावर बांधणीचं वर्ष कोरलं, ते ख्रिस्ती सनात. पुढल्याच वर्षी शोगुनचा अधिकारी इनोउए आला, सन बघितला आणि इमारत पाडायचा हुकूम दिला. वखारीचा प्रमुख कारोन निमूट पाडायला लागला. चार अंकांसाठी नवीकोरी इमारत पाडणारी सत्ता कोती नाही तर काय?

लेखक : सन हे निमित्त होतं. ज्या डचांनी दोनच वर्षांपूर्वी, १६३८ मध्ये, हिरादोहून जहाज नेऊन शिमाबाराच्या बंडातल्या ख्रिस्ती शेतकऱ्यांवर शोगुनच्या बाजूनं तोफा डागल्या, त्यांच्या ख्रिस्तीपणाची भीती इनोउएला कितपत वाटली असेल? त्याला ती इमारत खुपत होती. एका मध्यम सरदाराच्या गावात, समुद्राच्या तोंडाशी, जाड दगडी भिंतींचं एवढं मोठं कोठार, आणि आत तोफा बाळगणारे परके. सरदाराला स्वतःचा किल्ला जाळायला लागला आणि भाडेकरूनं गढी बांधली! आता नागासाकीकडे बघा. ते शोगुनच्या थेट अमलातलं शहर. तिथल्या २५ व्यापाऱ्यांनी पदरचा पैसा घालून १६३६ पर्यंत देजिमा नावाचं बेट समुद्रात भर घालून उभं केलं होतं, पोर्तुगीजांना त्यात कोंडून ठेवायला. भाडं वर्षाला ८० कान चांदी. १६३९ मध्ये पोर्तुगीजांना देशाबाहेर काढलं आणि बेट ओस पडलं. गुंतवलेला पैसा बुडालेले हे व्यापारी गप्प बसणार थोडेच. त्यांनी एदोकडे रदबदली केली. १६४१ मध्ये डच तिथे राहायला गेले, ५५ कान भाड्यानं. चिनी जहाजांना तर १६३५ मध्येच नागासाकीखेरीज इतर बंदरं बंद झाली होती. क्रम लावून पाहिला तर यात दार लावून घेणं थोडं आणि जकातनाका एका ठिकाणी आणणं जास्त. डच जपानमध्ये राहिले, चिनी राहिले, रेशीम आणि चांदीची देवघेव चालू राहिली. हिरादोतून ती उचलून शोगुनच्या अंगणात नेली, इतकंच.

शंकाकार : इथे तुम्ही अडकलात. सगळा व्यापार मुठीत घ्यायचा होता, तर त्सुशिमाच्या सरदाराकडे कोरियाचा व्यापार का ठेवला? सात्सुमाकडे ओकिनावाचा? उत्तरेत मात्सुमाएकडे आइनू लोकांशी चालणारा? तेही सरदारच. त्सुशिमा तर भाताच्या बाबतीत हिरादोहून दरिद्री. मग हिरादोवरच घाला का?

लेखक : हा तुमचा सगळ्यात चांगला आक्षेप आहे, आणि माझं म्हणणं त्यावरच ताठ उभं राहतं. त्सुशिमाच्या सरदाराला वगळून कोरियाशी बोलताच येत नव्हतं. तोयोतोमी हिदेयोशीच्या कोरियावरच्या स्वारीनंतर तुटलेला तह त्यानं जोडला होता, आणि कोरियन दरबार त्यालाच ओळखत होता. ओकिनावाचं राज्य सात्सुमानं १६०९ मध्ये लढून ताब्यात घेतलं होतं, ते मध्यस्थापासून सोडवून घ्यायचं तर पुन्हा लढाई. या सरदारांकडे नातं होतं. हिरादोकडे फक्त धक्का होता. डचांचा परवाना तुम्हीच सांगितलात तसा इएयासूनं दिलेला, देशातल्या कुठल्याही बंदरासाठी. त्यात मात्सुरांचं नावही नव्हतं. म्हणजे ज्या कागदामुळे डच हिरादो निवडू शकले, त्याच कागदामुळे त्यांना एका हुकमानं हलवता आलं. मात्सुरांनी नव्वद वर्षं पाहुणे सांभाळले, भेटी दिल्या, भेटी घेतल्या, वेळ पडली तेव्हा त्यांच्यावर तलवारही उगारली. पण त्यांच्यावाचून अडावं असं काही त्यांच्या हाती कधी आलं नाही. सत्ता विस्कळीत असताना अशा दलालाचं फावतं. ती एकवटली की पहिला जातो तो हा.

शंकाकार : तुम्ही सगळा हिशेब सरदार, कंपन्या आणि शोगुन यांचा मांडता. त्या गावात माणसं राहत होती हो. अॅडम्स इथेच १६२० मध्ये वारला. चिनी दर्यावर्दी झेंग झीलोंगला इथल्या तागावा घराण्यातल्या बाईपासून १६२४ मध्ये मुलगा झाला. सात वर्षांचा असताना तो चीनला गेला आणि पुढे त्यानंच डचांना तैवानमधून हुसकावलं. असे कितीतरी संसार होते, ज्यांची नावं कुठे नाहीत. त्यांच्यापुरतं तरी गाव खरोखर मोकळं नव्हतं?

लेखक : होतं. इथे मला हात आखडता घ्यावा लागतो. सरदाराच्या कचेरीतला मोकळेपणा हिशेबी होता, पण गल्लीतला तसा नव्हता. चार भाषा बोलणारी घरं कुठल्याही सरदाराच्या धोरणानं उभी राहत नाहीत. म्हणूनच शोगुनशाहीचा खरा क्रूरपणा मला वखार पाडण्यात दिसत नाही, तो त्याआधीच्या वर्षात दिसतो. १६३९ मध्ये हिरादो आणि नागासाकीतल्या, डच किंवा इंग्रज बापांच्या मुलांना आणि त्यांच्या आयांना जहाजात घालून जावातल्या बटाव्हियाला पाठवून दिलं. काही वर्षांनी पत्रांना मुभा मिळाली. कोशोरो या बाईचं हिरादोला आलेलं पत्र अजून जपलेलं आहे. ते कागदावर नाही; छापील कापडाचे लहान लहान तुकडे जोडून शिवलेल्या फडक्यावर शाईनं लिहिलंय, आणि मजकूर सगळा गावच्या ओढीचा. व्यापार हलवता येतो, म्हणून तो हलवला. माणसं हलवता येत नव्हती, म्हणून ती तोडली. तीच गोष्ट मागे राहिलेल्या ख्रिस्ती लोकांची. इकित्सुकी आणि कासुगा इथले शेतकरी अडीचशे वर्षं वरून बौद्ध, आतून ख्रिस्ती राहिले; पाद्री नसताना तोंडी प्रार्थना पिढ्यान्‌पिढ्या चालवल्या, ज्या नाकाएनोशिमा या खडकाळ बेटावर त्यांची माणसं मारली तिथलं पाणी बाप्तिस्म्याला वापरलं. २०१८ मध्ये यांपैकी कासुगा आणि नाकाएनोशिमा या जागा जागतिक वारशात गेल्या. एवढं मात्र ध्यानात घ्या, की त्यांना हुडकणारे आणि मारणारे हात मात्सुरांच्याच चाकरांचे होते.

शंकाकार : म्हणजे गावानं आज जे उभं केलंय ते सगळं खोटं म्हणायचं? २०११ मध्ये १६३९ ची वखार जुन्या पायावर पुन्हा बांधली, त्रिकोणावरच्या सनासकट.

लेखक : वखार खोटी नाही. उत्खनन करून, कंपनीच्या जमाखर्चाच्या वह्या वाचून ती बांधली आहे, आणि तो सन पुन्हा बसवण्यात गावानं थोडा खोडसाळपणाही केला, तो मला आवडतो. माझी तक्रार वखारीपेक्षा किल्ल्याबद्दल आहे. तो उंच मनोरा १९६२ सालचा, काँक्रीटचा; १७१८ च्या किल्ल्याचे एक दार आणि एक बुरूज एवढेच काय ते अस्सल उरले आहेत. आणि १६४१ नंतर गाव मेलं, हे तुमचं वाक्यही मला मान्य नाही. मात्सुरांनी खाड्या भरून शेतं काढली. हिदेयोशीच्या स्वारीत कोरियातून पकडून आणलेल्या कुंभारांच्या वंशजांनी मिकावाचीत नाजूक पांढरी चिनी माती घडवली. इकित्सुकीच्या मासुतोमी घराण्यानं अठराव्या शतकात देवमाशांच्या शिकारीचा एवढा पसारा मांडला की जपानमध्ये त्याला जोड नव्हती. त्या तेलाच्या आणि मांसाच्या पैशानं सरदाराची तिजोरी भरत होती. हे सगळं पाहुण्याला दाखवायला डच वखारीइतकं देखणं नाही, म्हणून गोष्टीतून गळतं.

शंकाकार : एक शेवटचं. ज्या तोकुगावांनी सगळ्या देशभर किल्ले बांधायला बंदी घातली, त्यांनी १७०३ मध्ये याच घराण्याला नवा किल्ला बांधायची परवानगी का दिली? तुमच्या सिद्धान्तात हे बसत नाही.

लेखक : तोवर ते घराणं बदललं होतं. पश्चिमेच्या समुद्रावर पहारा हवा, हे कारण कागदावर होतं आणि ते खोटंही नव्हतं. पण त्याआधी दहाएक वर्षं त्या घराण्याचा प्रमुख एदोत शोगुनच्या कारभारात देवस्थानांचा अधिकारी म्हणून नेमला गेला होता, आणि बाहेरच्या सरदारांच्या वाट्याला असा मान क्वचितच येई. किल्ल्याचा आराखडा यामागा सोको या पंडिताच्या युद्धशास्त्रावर बेतलेला. सोकोच्या काळात जपानमध्ये लढाया संपल्या होत्या. चाच्यांशी हवेलीत बसून सौदे करणाऱ्या ताकानोबूला अशी परवानगी कुणी दिली नसती, आणि त्यानं ती मागितलीही नसती.